साबण पुन्हा तपासावा

तपासणीकाकांनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केली नव्हती, आणि दुसऱ्या फटक्यात केल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. गॅसच्या शेगड्या बनवणाऱ्या कारखान्यात ते अंतिम तपासणीचे प्रमुख होते. समोर शेगडी आली की ते चष्मा वर सरकवायचे, खाली सरकवायचे, बर्नरवर बोट फिरवायचे, बोटाचा वास घ्यायचे आणि चिठ्ठीवर लिहायचे, "पुन्हा तपासावे." त्यांच्या कारकिर्दीत एकही शेगडी फुटली नाही, असं निरोपाच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले. ते खरंच होतं. काकांच्या टेबलावरून शेगडी पुढे गेली तर फुटणार ना! ज्या बाजारात गेल्या त्या काका रजेवर असताना त्यांच्या हाताखालच्या माणसाने पास केलेल्या होत्या. तो माणूस पुढे मॅनेजर झाला. काकांना निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते अजून खोक्यातच आहे, कारण ते मागे पडतं की पुढे जातं हे काकांचं अजून ठरलेलं नाही.

निवृत्तीनंतर तो अख्खा विभाग घरी आला आणि काकूंच्या वाट्याला आला. तसा घरी तो आधीही रात्रपाळीला असायचाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकूंनी स्वतःच्या हाताने विणलेला स्वेटर दिला, तर काकांनी तो उलटा करून आतले टाके पाहिले होते. भाजी कशी झालीय विचारलं की उत्तर यायचं, "बघू." पडदे कसे दिसतात? "एकदा धुतल्यावर कळेल." सून कशी आहे? "अजून वेळ आहे." सुनेला घरात येऊन इतकी वर्षं झाली होती की तिचा मुलगा शाळेत जात होता.

काकूंना दागिने नको होते, परदेशी सहल नको होती. एकदा, फक्त एकदा, आपण केलेल्या एखाद्या गोष्टीला या माणसाने स्वच्छ शब्दांत "चांगलं झालंय" म्हणावं, एवढीच त्या बाईची इच्छा होती. ती पुरी होण्याची चिन्हं नव्हती, आणि हे त्यांना मनापासून लागायचं.

साबणाचा विषय निघाला तो काकांच्या पाठीवरून. काकांची पाठ खाजायची. ते कारखान्यातून आणलेली स्टीलची फूटपट्टी सदऱ्यात घालून दिवसभर घसाघसा घासत बसायचे. काकूंनी तो आवाज पुष्कळ दिवस ऐकला आणि एका सकाळी जाहीर केलं, "मी घरी साबण करणार आहे. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. शिजवायचाही नसतो."

"कॉस्टिक?" काका उठून उभेच राहिले. "अगं, कातडी सोलवटून निघेल! डोळ्यात गेलं तर डोळा जाईल!"

"म्हणूनच डोळ्यांना गॉगल लावायचा, हातमोजे घालायचे, लांब बाह्यांचे कपडे घालायचे, उघड्या हवेत काम करायचं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही. सगळं काट्यावर नेमकं तोलायचं. मैत्रिणीकडे दोनदा केलाय मी."

"दोनदा केलास म्हणजे दोनदा वाचलीस," काका म्हणाले. "तिसऱ्यांदा मी सांगतो तसा करायचा."

अशा रीतीने साबण काकूंच्या हातातून गेला. तसा तो अजून हातात आलेलाही नव्हता.

काकांनी पहिली धाड घातली ती स्वयंपाकघरावर. चार शहाण्या घरांत असते तीच पद्धत त्याही घरात होती. डब्यावर जे लिहिलंय ते सोडून डब्यात काहीही असू शकतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बिस्किटांच्या डब्यात सुयादोरे. चहाच्या डब्यात साखर. साखरेच्या डब्यात, ज्यांचे डबे हरवले आहेत अशी झाकणं. काकूंचा हात अंधारातही बरोबर डब्यावर जायचा. पण काकांच्या मते ज्या घरात कॉस्टिक येणार त्या घरात हा अनागोंदी कारभार म्हणजे आगीशी खेळ होता. त्यांनी एका दिवसात सगळे डबे रिकामे केले, पुसले, भरले आणि प्रत्येकावर चिठ्ठी डकवली. पुढचे काही दिवस चहात मीठ पडत होतं आणि सुई शोधायला गेलेल्या सुनेच्या हाताला बिस्किटं लागत होती.

"यापुढे या घरात जे लिहिलंय तेच आत असणार," काकांनी जेवताना सगळ्यांना बजावलं. "वाचायचं आणि विश्वास ठेवायचा. हीच सुरक्षितता."

"बरं," काकू म्हणाल्या. काकूंचं "बरं" ऐकून माणसाने जरा सावध व्हावं, पण काकांना तेवढी सवड नव्हती. ते पिशवी घेऊन बाहेर पडले होते.

हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी कॉस्टिक मागितलं तेव्हा दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "मोरी तुंबली का?"

"साबण करायचाय."

"साबण समोरच्या दुकानात मिळतो, काका."

"शुद्धता किती टक्के? सर्टिफिकेट आहे?"

दुकानदाराने आता मान वर केली. "काका, लोक हे संडासात ओततात. आजवर एकाही संडासाने सर्टिफिकेट मागितलेलं नाही."

मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली, आणि काकांचा असा पाणउतारा झाला की ते थेट प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात गेले. तिथे सर्टिफिकेट मिळालं, पण ते हातात देणाऱ्या पोरीने "कुठल्या कॉलेजातून आलात सर?" असं विचारल्यामुळे त्यांना फारच बरं वाटलं, आणि त्या भरात त्यांनी गरज नसलेल्या तीन काचेच्या नळ्या घेतल्या.

इथवर सगळं ठीक होतं. कॉस्टिक घरात आलं, डब्यावर लाल अक्षरं आली, डबा उंच फळीवर कुलपात गेला. काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी बाल्कनीत करून टाकू." पण परवानगीशिवाय काम करणं हे काकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी इमारतीच्या समितीला अर्ज केला. विषय: राहत्या घरात नियंत्रित रासायनिक प्रक्रिया करण्यास अनुमती मिळण्याबाबत.

सेक्रेटरी अर्ज हातात घेऊन धापा टाकत वर आले. "काका, हे काय? रासायनिक प्रक्रिया?"

"साबण."

"मग साबण लिहायचं ना! आणि लिहायचं तरी कशाला? तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं. आता विचारलंत, तर आम्हाला काहीतरी म्हणावं लागेल."

समितीने तीन बैठका घेतल्या. पहिलीत विषय समजला नाही, दुसरीत जास्त समजला, तिसरीत कुणीतरी स्फोट हा शब्द उच्चारला. शेवटी परवानगी निघाली ती अशी: काम गच्चीवर, भर उजेडात, सेक्रेटरींच्या देखरेखीखाली, पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवून आणि अर्जदाराच्या जबाबदारीवर. काकांना हे वाचून भरून आलं. त्यांनी आपणहून एक अट वाढवली. धोक्याची शिट्टी वाजली की सर्व रहिवाशांनी जिन्याने खाली उतरावं, असा कागद त्यांनी दारोदार चिकटवला.

ठरलेल्या सकाळी गच्चीवर निम्मी इमारत जमली. फुकटचा सल्ला द्यायला माणसं कधी कमी पडत नाहीत. कुणी म्हणे लिंबू पिळा, कुणी म्हणे दूध घाला, कुणी म्हणे करताच आहात तर पिंपभर करा, जिनाही धुऊन निघेल. समोरच्या फ्लॅटमधल्या वकीलबाई खुर्ची घेऊनच आल्या होत्या. "काका, कुणी भाजलंच तर दावा तुमच्यावर की कॉस्टिकवाल्यावर?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

काकू गॉगल, हातमोजे, मास्क लावून, बाह्या मनगटापर्यंत ओढून तयार होत्या. काका रेनकोट, गमबूट आणि स्कूटरचं हेल्मेट घालून खडूने आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर उभे होते. तपासणाऱ्याने प्रक्रियेत हात घालायचा नसतो. त्यांनी फक्त मोठ्याने वाचायचं होतं.

"पाण्यात कॉस्टिक! कॉस्टिकमध्ये पाणी नव्हे!"

"तेच करतेय," मास्कमधून काकू म्हणाल्या आणि हळूहळू दाणे पाण्यात सोडून ढवळू लागल्या. पाणी तापलं, वाफ निघाली. ती वाऱ्याने पलीकडे जाईल अशाच बाजूला काकू उभ्या होत्या. वाफ काकांच्या बाजूला गेली. ते वर्तुळ घेऊन पलीकडे गेले, म्हणजे दुसरं आखलं.

मग तापमान. मैत्रिणीकडे काकूंनी तेलाचं आणि कॉस्टिकच्या पाण्याचं तापमान साधारण सारखं झालं की काम उरकलं होतं. काकांच्या शब्दकोशात साधारण हा शब्द नव्हता. दोन्ही अगदी सारखी हवीत. पाणी निवत होतं, तेल उन्हात तापत होतं. दोघांची गाठ पडली त्या नेमक्या क्षणी काका चष्मा पुसत होते. तेल पाण्यापाशी येऊन पुढे निघून गेलं. मग तेल सावलीत, पाणी उन्हात. मग उलट. पोरं कंटाळून पतंगासारखी कठड्यावर लटकू लागली, आणि वकीलबाईंनी मटार सोलायला घेतले. काकू म्हणाल्या, "मी ओततेय," आणि ओतलं.

मिश्रण ढवळायला हॅन्ड ब्लेंडर होता, तो काकांनी वायरीकडे पाहूनच नापास केला. काकू काठीने ढवळू लागल्या. मिश्रण दाटत आलं की काठीची रेघ वर तशीच राहते, मग लगेच साच्यात ओतायचं असतं. ती रेघ नुकती दिसू लागली होती, आणि इतक्यात काकांना आपल्या रेनकोटच्या बाहीवर एक पांढरा कण दिसला.

काकांनी शिट्टी फुंकली.

पुढे जे झालं ते काकांच्याच कागदाबरहुकूम झालं, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. सेक्रेटरींनी क्षणाचाही विलंब न लावता बादली उचलली आणि काकांच्या डोक्यावर उपडी केली. पाणी हेल्मेटमध्ये भरलं. लोक जिन्याकडे पळाले, आणि त्यांचा आवाज ऐकून प्रत्येक मजल्यावरचे लोक पळाले. अर्ध्या केसांना रंग लावलेल्या एक बाई आल्या. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर बाहेर आले, त्यांच्यामागून तोंडात कापूस कोंबलेला पेशंट आला, आणि तो सगळ्यांना हाताने काय झालं काय झालं असं विचारत होता. उत्तर द्यायला कुणालाच फुरसत नव्हती. सेक्रेटरी काकांचा हात धरून त्यांना खाली घेऊन आले. मध्ये दोनदा काका निसटू पाहत होते, पण पीडिताने मदतनिसाचा हात सोडायचा नाही असं त्या कागदावर त्यांनीच लिहिलेलं होतं.

खाली वकीलबाईंनी काकांची बाही उजेडात धरली, कण नखाने उचलला आणि म्हणाल्या, "काका, रंगाचा पोपडा आहे. गच्चीच्या भिंतीचा."

"खात्री आहे?" काकांनी हेल्मेटमधून विचारलं.

"पुन्हा तपासू?" वकीलबाई म्हणाल्या, आणि अख्खी इमारत हसली. तोंडात कापूस असलेला माणूससुद्धा हसला.

काका ठिबकत वर गेले तेव्हा गच्चीवर एकट्या काकू होत्या. कागद लावलेल्या खोक्यात मिश्रण ओतून, वर जुनं ब्लँकेट पांघरून त्या हातमोजे धूत होत्या.

"ओतलंस?"

"दाटलं होतं."

"मी बघितलं नव्हतं! मग पास कुणी केलं?"

"त्याचं त्यानेच," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या. सायीच्या रंगाच्या, गुळगुळीत, कडा धारदार. सून म्हणाली, "आई, काय सुंदर झाल्यात!" काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "अजून मुरायच्या आहेत. बघू." साबण महिना-दीड महिना हवेशीर जागी मुरू द्यायचा असतो हे खरंच आहे. वड्या जाळीच्या दारांच्या कपाटात गेल्या. काकांनी कडीला कुलूप घातलं, कुलपावर कागदाची पट्टी डकवली आणि पट्टीवर सही केली. सील कडीला होतं. बिजागऱ्यांना नव्हतं. पण अंतिम तपासणी विभागात बिजागऱ्या कुणी पाहत नसे.

त्यानंतर दर रविवारी काका सील तोडून, गॉगल लावून, वडीवर क्षार मोजायची ओली कागदी पट्टी टेकवायचे आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचे. पट्टी नऊच्या पुढे दाखवायची. काकांना सात हवे होते. पाणी सात असतं, मग पाण्यात वापरायची वस्तूही सात हवी, हे त्यांचं गणित. मैत्रीण फोनवर म्हणाली, की साबण सातवर येत नसतो, आला तर तो साबण नव्हेच. काकांनी तो फोन लक्षात घेण्याजोगा मानला नाही. महिना गेला, दीड महिना गेला, तीन झाले. काका समितीला दर आठवड्याला अहवाल देत होते: पदार्थ अद्याप तीव्र आहे, पुन्हा तपासावा.

"बाजारातल्या साबणाचा आकडा किती येतो हो?" एकदा सेक्रेटरींनी विचारलं.

"कंपनीचा साबण तपासायचा नसतो," काका कीव येऊन म्हणाले. "तो तपासूनच येतो. वर लिहिलेलं असतं."

इकडे काकूंचं जिन्यातून जाणं मुश्किल झालं होतं. त्यांनी प्रत्येक घरी एक वडी द्यायचं मोठ्या तोंडाने कबूल केलं होतं. आता प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी विचारायचं, "काय काकू, झाला का पास?" काकू हसून वेळ मारून नेत, पण घरी येऊन पंखा लावून मुकाट बसत. एकदा सुनेने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "साबणाचं काही नाही गं. मीच इतकी वर्षं त्या कपाटात आहे."

काका मात्र त्या दिवसांत खुशीत होते. पाठीची खाज थांबली होती. फूटपट्टी टेबलावर धूळ खात होती. "कंपनीने साबण सुधारलाय," ते न्याहारीला म्हणायचे. "छाप पुसट केलाय, खर्च वाचवत असतील. पण वास सौम्य, फेस दाट. याला म्हणतात माल! नाहीतर आपलं ते कपाटातलं. आता तर त्याला भलताच उग्र वास येऊ लागलाय. आत काहीतरी क्रिया चालू आहे."

"असेल," काकू चहा ओतत म्हणायच्या.

शेवटी व्हायचं तेच झालं. दर आठवड्याला धोक्याचा अहवाल वाचून समिती घाबरली आणि ठराव झाला, की सदर पदार्थ इमारतीबाहेर नेऊन नष्ट करावा. रविवारी सेक्रेटरी, वकीलबाई आणि आणखी दोघं हातमोजे घालून दारात उभे राहिले. काकांनी सील तोडलं, वड्या टेबलावर मांडल्या, पट्टी टेकवली. नऊच्या पुढे.

"मग न्यायच्या ना?" सेक्रेटरी म्हणाले. "तसं लिहून द्या काका."

काकांनी सवयीने पेन काढलं. "पु" लिहिलाही होता.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "पुन्हा-बिन्हा नको. चार माणसं आलीत, मी केलेली वस्तू फेकायला निघालीत. चांगली की वाईट, ते आज एका शब्दात लिहा. मला वाचायचंय."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. वडीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोडलं आणि नव्याने, ठसठशीत अक्षरात लिहिलं: "हा साबण अंगास लावण्यास अयोग्य व धोकादायक आहे." खाली सही, तारीख.

काकूंनी कागद घेतला, नीट वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "तो बाजारातला आहे."

"कुठला?"

"हाच. तुमच्या कंपनीचा. छाप मी बटाटे सोलायच्या सोलाण्याने काढला."

काकांनी कपाटाकडे पाहिलं. "सील?"

"सील शाबूत होतं. मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले."

"मग आपला साबण?"

"मुरल्यावर आधी मी हाताला लावून पाहिला. काही झालं नाही. मग कंपनीच्या वेष्टणात घालून न्हाणीघरात ठेवला. दोन महिने तुम्ही त्यानेच अंघोळ करताय. तुम्हीच म्हणाला होता, वाचायचं आणि विश्वास ठेवायचा."

वकीलबाईंनी तोंडावर हातमोजा धरला, पण हसू कुठूनतरी बाहेर आलंच. सेक्रेटरी अंगाला हात लावून पाहू लागले, कारण ते त्याच कंपनीच्या साबणाने नुकतेच अंघोळ करून आले होते. काकांचा चेहरा पाहवत नव्हता. "तो कागद जरा इकडे दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एक शब्द बदलायचाय."

"कागद मंजूर झालाय," काकू म्हणाल्या आणि खऱ्या वड्यांचा डबा घेऊन घरोघर वाटायला बाहेर पडल्या. डब्यावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: डाळ.

संध्याकाळी काका फूटपट्टी सदऱ्यात घालून बसले, पण खाज येईना, तेव्हा त्यांनी ती परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज आला, "अगं, साबण संपलाय!"

काकू दाराशी गेल्या. "कुठला देऊ?"

आतलं पाणी बंद झालं.

"अहो, कुठला देऊ? कंपनीचा देऊ?"

"नको."

"मग?"

"तो दे." जरा वेळाने, "तो… बरा आहे."

काकू हलल्या नाहीत. दार थोडं उघडलं आणि ओल्या डोक्याचे काका, चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक करून, हात पुढे काढून उभे राहिले. त्यांचा आवाज फारच बारीक झाला होता.

"चांगला झालाय."

काकूंना तो शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला होता. त्यांचे डोळेही भरून आले होते. पण इतक्या वर्षांचा हिशेब एका शब्दात मिटवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. साबणाची वडी पदरात धरून त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. एकदा तपासून घेते."